कोलनचा ब्लड सप्लाय: पाठ करताना होणाऱ्या या चुका टाळा

मेडिकलचे फर्स्ट इयरवाले बहुतेक जण कोलनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या, आर्टरीजची नावं धडाधड सांगतात, पण डायग्राम काढ म्हटलं की अडकतात, कारण कुठली आर्टरी कुठपर्यंत जाते आणि पुढचीला कुठे भेटते हे बघितलेलंच नसतं.

अख्खा ट्रान्सव्हर्स (आडवा) कोलन मिडल कोलिकवर टाकून मोकळं होऊ नका. साधारण पहिला दोन तृतीयांश भाग मिडगटचा (गर्भातल्या आतड्याच्या मधल्या भागाचा), म्हणून तिथे सुपिरियर मेसेंटेरिकची मिडल कोलिक, आणि उरलेला हाइंडगटचा (मागच्या भागाचा), तिथे इन्फिरियर मेसेंटेरिकची लेफ्ट कोलिक. एम्ब्रियोलॉजी, म्हणजे गर्भाची वाढ, आधी वाचलीत तर निम्मं घोकणं वाचतं. आणि हो, सुपिरियर मेसेंटेरिक एऑर्टातून (शरीराच्या मुख्य आर्टरीतून) कमरेच्या पहिल्या मणक्याजवळ, एल १ ला, निघते, इन्फिरियर एल ३ ला, याची अदलाबदल फार होते.

डिसेक्शनला राइट कोलिक सापडली नाही तर घाबरू नका. पुस्तकातल्या चित्रात ती थेट सुपिरियर मेसेंटेरिकमधून निघते, पण बऱ्याच जणांत ती इलिओकोलिक किंवा मिडल कोलिकमधून येते. इलिओकोलिक मात्र जवळपास नेहमीच असते, तेव्हा आधी ती पकडा आणि सीकमकडून (कोलनच्या सुरुवातीकडून) वर सरका.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, मार्जिनल आर्टरी विसरणं. कोलनच्या कडेकडेने जाणारी ही ड्रमंडची आर्टरी या सगळ्या ब्रँचेस एकमेकींना जोडते, तिच्यातूनच व्हासा रेक्टा नावाच्या छोट्या सरळ फांद्या आतड्याच्या भिंतीत शिरतात, आणि एऑर्टिक अ‍ॅन्युरिझमच्या (एऑर्टाला आलेल्या फुगवट्याच्या) ऑपरेशनमध्ये इन्फिरियर मेसेंटेरिक बांधली तरी डावा कोलन बहुतेकदा जगतो तो मुख्यतः हिच्याच जोरावर. पण स्प्लेनिक फ्लेक्शरला (प्लीहेजवळच्या कोलनच्या वळणाला), म्हणजे ग्रिफिथ्स पॉइंटला, ही साखळी कधी बारीक असते तर कधी तुटलेलीच, म्हणून पेशंटचं बीपी खूप पडलं की इस्केमिक कोलायटिस (रक्त कमी पडून कोलनला होणारी इजा) तिथे जास्त दिसतो. नुसतं 'वॉटरशेड एरिया' लिहून पुढे जाऊ नका, दोन मोठ्या आर्टरीजची टोकं तिथे भेटतात म्हणून तो कच्चा, हे कारण लिहा. मग रेक्टम (मलाशय) का वाचतं? त्याला वरून सुपिरियर रेक्टल आणि खालून इंटर्नल इलिअ‍ॅकच्या बाजूने मिडल आणि इन्फिरियर रेक्टल, असा दुहेरी सप्लाय आहे. हा प्रश्न व्हायवात हमखास येतो.

व्हेन्स काढताना पण जपून, इन्फिरियर मेसेंटेरिक व्हेन आर्टरीसोबत एऑर्टाकडे जात नाही, ती सरळ वर जाते आणि बहुधा स्प्लेनिक व्हेनला मिळते.