‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ स्त्रीवादी दृष्टीने कशी वाचावी

अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेल यांची ही कथा (१९१७; शीर्षकाचा अर्थ ‘तिच्या बरोबरीच्यांची ज्यूरी’, म्हणजे निवाडा करणारे नागरिक पंच) हाती घेताना ‘खून कोणी केला’ हा प्रश्न आधीच बाजूला ठेवावा, कारण झोपलेल्या नवऱ्याचा गळा दोरीने मिनी राइटनेच आवळला असावा, हे कथा फारसे लपवत नाही.

पहिल्या वाचनात कोण कुठे जाते, एवढेच समासात टिपावे. शेरीफ आणि सरकारी वकील पुरावा शोधायला माडीवर व गोठ्यात जातात. स्वयंपाकघरात शेरीफच्या मते स्वयंपाकघरातल्या वस्तूंखेरीज काहीच नसते. तिथे मागे राहतात मिनीच्या शेजारीण मिसेस हेल आणि शेरीफची पत्नी मिसेस पीटर्स.

दुसऱ्या वाचनात त्या वस्तूंपाशी रेंगाळावे. अर्धवट पुसलेले टेबल, थंडीने तडकलेल्या बरण्या, दार मोडलेला पिंजरा आणि रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेला, मान मुरगळलेला कॅनरी पक्षी या खुणा सहज दिसतात. पण खरी नजर हवी ती गोधडीच्या तुकड्यावर, जिथे एकसारखे चाललेले टाके एकाएकी वेडेवाकडे होतात. मिसेस हेल ते उसवून नीट घालू लागतात. पुरावा नष्ट होण्यास इथेच सुरुवात होते, आणि घाईत वाचणारा तिला टापटीप समजून पुढे जातो.

यानंतर ज्यावरून ही कथा सुचली तो मूळ खटला पाहावा. डिसेंबर १९०० मध्ये आयोवातील शेतकरी जॉन हॉसॅक यांचा कुऱ्हाडीने खून झाला. ग्लास्पेल यांनी बातमीदार म्हणून तो खटला हाताळला. पत्नी मार्गारेट यांना पुरुषांच्याच ज्यूरीने दोषी ठरवले आणि त्यांना जन्मठेप झाली. वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि दुसऱ्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. शीर्षकातले ‘तिच्या बरोबरीचे’ हे शब्द किती कडवट आहेत, ते इथे कळते.

तरीही दोघींना लगेच न्यायदेवता करू नये. मिनी कथेत एकदाही समोर येत नाही. तिचे म्हणणे पुरुषांप्रमाणे या दोघीही ऐकत नाहीत. शिवाय इतकी वर्षे शेजारी राहून आपण तिच्याकडे फिरकलो नाही, हाच गुन्हा, असे मिसेस हेल स्वतःला बजावतात, म्हणून त्यांच्या निवाड्यात करुणा किती आणि प्रायश्चित्त किती, हे प्रत्येक संवादाशी ताडून पाहावे.

शेवटी डोरोथी सेयर्स यांची ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) ही इंग्लिश रहस्यकादंबरी शेजारी ठेवावी. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना ज्यूरीत बसता येऊ लागले होते. त्यामुळे मिस क्लिम्पसन ज्यूरीत राहूनच खुनाचा आरोप असलेल्या हॅरिएट व्हेनला दोषी ठरवण्यास नकार देतात. मिसेस हेलपाशी मात्र मेलेला पक्षी लपवायला कोटाचा खिसाच असतो.