लोड गाडी घाटात उतरवताना पाट्या कशा वाचाव्यात

घाट उतरायची तयारी पाटी दिसते तिथेच करायची. उतार लागल्यावर गिअर शोधत बसाल तर उशीर झालेला असतो. आकार ओळखणं सोपं आहे: लाल काठाचा त्रिकोण सावध करतो, लाल काठाचं वर्तुळ मनाई करतं किंवा मर्यादा सांगतं.

घाटाच्या अलीकडे आधी वर्तुळं वाचा. ट्रकच्या चित्रावर लाल रेघ म्हणजे अवजड वाहनांना बंदी. उंची आणि वजनाचे आकडेही इथेच असतात. वरंध घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना बरेचदा बंद असतो. आत शिरल्यावर गाडी वळवायला जागा मिळत नाही, त्यामुळे परतायचं तर इथूनच.

मग येतो उतरत्या गाडीचं चित्र असलेला त्रिकोण. शेजारी 6 टक्के लिहिलं असेल, तर दर 100 मीटरला रस्ता 6 मीटर खाली जातो. सपाटीवरच वेग कमी करा, ब्रेकसाठीच्या हवेचा दाब दाखवणारा काटा बघा, ब्रेक एकदा दाबून पाहा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग आवरणारा) असेल तर चालू करा. गिअर कोणता? याच लोडवर हाच घाट चढताना जो लागला असता तो, किंवा त्याच्या एक खालचा. आता गाडीला इंजिन आवरतं. तरी वेग वाढलाच तर ब्रेक नीट दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. पाय पेडलवर ठेवूनच उतरलात तर चाकातले ब्रेकचे ड्रम आणि त्यांवर घासणारे लायनर तापतात आणि ब्रेक पकडेनासा होतो. सारखं पंपिंग केलं, म्हणजे ब्रेक भराभर दाबत-सोडत राहिलात, की ब्रेकची हवा उतरते. वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्येच अडकते.

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे अजूनही भेटतात. हिशेबच चुकीचा आहे. आजच्या डिझेल इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, हवा भरत नाही, स्टिअरिंगही जड होतं. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार डोळ्यांना फारसा वाटत नाही, पण नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका अवजड गाडीने अनेक वाहनांना धडक दिली होती.

नागमोडी किंवा केसाच्या पिनेसारख्या वळणाची पाटी दिसली की ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात दाबला तर लोड सरकतो. साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा जुना बोगदा संपताच उतार आणि एस वळण एकत्र येतं, तिथे हे फार जपावं लागतं. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमच आहे.

दरड कोसळण्याच्या पाटीखाली चहापाण्याला थांबू नका, पावसात तर मुळीच नाही. माळशेजमध्ये धबधबा बघायला लोक नेमके तिथेच थांबतात, त्यांचं अनुकरण नको.

गाडी बंदच पडली तर शक्य तितकी डावीकडे घ्या, चाकाला दगड लावा, मागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. मागून येणाऱ्या दुचाकीला तो अंधारात दिसत नाही.