उभ्याने, बसून, चालत: नैसर्गिक प्रसूतीच्या तयारीत या चुका टाळा

नववा महिना लागला की ठाण्यातल्या घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो: आता रोज चाल, फरशी खाली बसून पूस, म्हणजे डिलिव्हरी नॉर्मल होईल. मग आठ महिने ऑफिसच्या खुर्चीत काढलेली मुलगी एकाएकी तलावपाळीला फेऱ्यांवर फेऱ्या मारू लागते आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून घरी बसते. गर्भवतींचे व्यायामवर्ग घेताना मला अशी एखादी तरी नेहमी भेटते. तिला मिळालेल्या सल्ल्यात तथ्य असते, पण त्याची वेळ आणि मात्रा दोन्ही चुकलेली असतात, आणि या विषयातल्या बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, आणि तोही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केला तरी चालतो. चालताना बोलता येत असेल पण गाणे म्हणता येत नसेल, तर वेग योग्य आहे असे समजावे. ही सवय चौथ्या-पाचव्या महिन्यापासून लागलेली असेल तर नवव्या महिन्यात वेगळे काही करावे लागत नाही. नेरुळ किंवा वाशीत राहणाऱ्यांना सपाट, रुंद पदपथ मिळतात; ठाण्यात उपवनचा काठ बरा. येऊरचा चढ मात्र पावसाळ्यात टाळावा आणि त्या दिवसांत सोसायटीच्या कोरड्या पार्किंगमध्ये फेऱ्या माराव्यात, कारण पोट पुढे आल्यामुळे शरीराचा तोल बदललेला असतो आणि घसरण्याचा धोका वाढलेला असतो.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारणे ही केवळ औपचारिकता नव्हे. वार (प्लॅसेंटा) खाली असणे, रक्तस्राव, गर्भपिशवीच्या तोंडाला घातलेला टाका, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय किंवा अकाली कळांचा धोका यांपैकी काहीही असेल, तर पुढे लिहिलेले व्यायाम त्यांच्या स्पष्ट परवानगीशिवाय करू नयेत.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येकीला उकिडवे बसवणे. आपल्या आज्या चुलीपुढे, विहिरीवर, अंगणात दिवसातून वीस वेळा उकिडव्या बसत असत. आजच्या फ्लॅटमध्ये कमोड आहे, ओटा आहे आणि डायनिंग टेबल आहे, त्यामुळे पोटऱ्या आखडलेल्या असतात आणि खाली बसताच टाचा उचलल्या जातात. अशा वेळी जोर लावून बसले की भार गुडघ्यांवर येतो. त्यापेक्षा टाचांखाली घडी घातलेली चादर घ्यावी, बुडाखाली पाट किंवा छोटे स्टूल ठेवावे, ओट्याची कड दोन्ही हातांनी धरावी आणि अर्धा मिनिट बसून उठावे. बाळ पायाळू किंवा आडवे असेल तर खोल उकिडवे बसण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

इथे एका दुखण्याविषयी सविस्तर सांगायला हवे, कारण ते अंगावर काढले जाते. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या बाजूला जिथे दोन हाडे जुळतात, त्या सांध्यात चमक येत असेल, कूस बदलताना किंवा जिना चढताना ती वाढत असेल, तर फुलपाखरू आसन आणि पाय फाकवून केलेले सगळे व्यायाम लगेच थांबवावेत. अनेक जणी हे दुखणे म्हणजे ‘हाडे उघडत आहेत’ असे समजून उलट जास्त ताण देतात आणि मग त्यांना चालणेही कठीण होते. या काळात पाऊल लहान टाकावे, सलवार बसून घालावी, रिक्षातून उतरताना दोन्ही गुडघे जुळवून आधी बाहेर वळवावेत आणि मग उभे राहावे, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

‘सर्वांत चांगली पोझिशन कोणती?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बाळाचा मार्ग सरळ नळीसारखा नसतो. कटीच्या हाडांचे वरचे तोंड आडवे रुंद असते आणि खालचे तोंड पुढून मागे रुंद असते, म्हणून उतरता उतरता बाळाला डोके वळवावे लागते. उताणे झोपल्यावर शरीराचा भार माकडहाड आणि त्यावरच्या हाडावर पडतो, ती मागे सरकायला जागा उरत नाही, आणि जड गर्भाशयाचा दाब मोठ्या रक्तवाहिन्यांवर येऊन आईला गरगरू शकते. उभे राहणे, पुढे झुकणे, एक पाय पायरीवर ठेवणे, कुशीवर वळणे, हातगुडघ्यांवर येणे यांतली प्रत्येक स्थिती जागा थोडी वेगळ्या तऱ्हेने बदलते. म्हणून एका आसनात तासभर टिकून राहण्यापेक्षा साधारण अर्ध्या तासाने स्थिती बदलत राहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरी सरावही तसाच करावा.

हातगुडघ्यांवर येऊन केलेल्या मार्जारासनाने कंबरेला आराम मिळतो, हे खरे आहे. मात्र त्याने बाळ हमखास फिरते आणि योग्य दिशेला येते, असे सांगणाऱ्यांवर विसंबू नये. शेवटच्या आठवड्यांत हा व्यायाम रोज केलेल्या स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासातही प्रसूतीच्या वेळच्या बाळाच्या स्थितीत फरक आढळला नाही. बाळ वळले नाही तर ‘मीच कमी व्यायाम केला’ हा अपराधभाव आईच्या माथी येतो, आणि त्याला काहीही आधार नाही.

आता कळांविषयी. पहिल्या कळा सुरू होताच रात्रभर चालत राहणे ही पहिलटकरणींची मोठी चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींमध्ये प्रसूतीचा सक्रिय टप्पा गर्भपिशवीचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून मोजला आहे. त्याआधीचा काळ प्रत्येकीचा वेगळा आणि कधीकधी फार लांब असतो. त्या काळात रात्र असेल तर कुशीवर पडून डोळा लागू द्यावा, दिवस असेल तर घरातल्या घरात वावरावे, डॉक्टरांची मनाई नसेल तर पेज किंवा मऊ भात खावा, पाणी प्यावे. ताकद खरी लागते ती पुढे.

आणि पुढे नेमके उलटे घडते. घरी चालून थकलेली स्त्री लेबर रूममध्ये खाट दिसताच आडवी होते आणि तशीच राहते. पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, उभ्याने किंवा हालचाल करत राहिलेल्या स्त्रियांचा तो टप्पा सरासरी सुमारे १ तास २२ मिनिटांनी कमी झाल्याचे, २५ चाचण्या आणि ५,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसले. सलाईन लावलेले असले किंवा बाळाच्या ठोक्यांचा पट्टा पोटावर असला, तरी पुष्कळदा खाटेशेजारी उभे राहता येते, खुर्चीत उलटे बसून खुर्चीच्या पाठीवर हात टेकता येतात. मात्र हे त्या वेळी मागणे कठीण जाते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच विचारून घ्यावे: कळांमध्ये फिरू देता का, सोबत एक जण राहू शकतो का, शेवटच्या टप्प्यात कुशीवर किंवा टेकून बसून प्रसूती होऊ शकते का. सरकारी रुग्णालयांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी सोबती असणे आणि सन्मानाची वागणूक यांवर भर आहे, त्यामुळे हे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही.

सोबत नवरा असो, आई असो की जाऊबाई, त्या माणसाचा सराव झालेला नसणे हीसुद्धा चूकच आहे. कळ आली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वर दाब कसा द्यायचा, गळ्यात हात टाकून लोंबकळणाऱ्या बायकोचा भार पाठ भिंतीला टेकवून कसा पेलायचा, आणि दर दोन तासांनी तिला लघवीला जाण्याची आठवण का करायची (भरलेले मूत्राशय बाळाच्या उतरण्याच्या आड येते), हे आधी घरी दहा वेळा करून पाहावे.

एपिड्यूरल, म्हणजे कळांच्या वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्याजवळ दिले जाणारे बधिरीकरणाचे औषध, घेतल्यास उभ्याने राहण्याचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. ब्रिटनमध्ये एपिड्यूरल घेतलेल्या ३,००० हून अधिक पहिलटकरणींच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुसऱ्या टप्प्यात (तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत) उभट स्थितीत राहिलेल्यांपैकी ३५.२ टक्के, तर कुशीवर पडून राहिलेल्यांपैकी ४१.१ टक्के स्त्रियांची प्रसूती उपकरणांशिवाय नैसर्गिक मार्गाने झाली. वेदना कमी करून घेतली म्हणून तयारी वाया गेली असे मानू नये. कुशीवर पडून गुडघ्यांमध्ये जाड उशी घेणे हीसुद्धा त्याच तयारीतली एक स्थिती आहे.

पाणमोट फुटणे, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी जाणवणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाले, तर ‘थोडे चालून पाहते’ असे म्हणत घरी थांबू नये. घोडबंदर रस्त्यावरून निघायचे असेल तर वाहतुकीचा वेळ धरूनच निघावे.

शेवटच्या टप्प्यात, एपिड्यूरल नसताना, उभट स्थितीत उपकरणांची आणि छेद देण्याची गरज कमी पडते, परंतु ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता थोडी वाढू शकते. म्हणून बाळ छातीवर आल्यानंतर मागे टेकून बसावे, वार पडून रक्तस्राव तपासला जाईपर्यंत उठू नये, आणि पहिल्यांदा स्वच्छतागृहात जाताना नर्सचा हात धरूनच जावे.