दाणे साठवणारी मुंगी माळावर कशी ओळखाल?

बाजरीची कणसं खुडून झाली की जत, आटपाडी, माणच्या बाजूला माळावर खाली बघत चाला. एखाद्या भोकाभोवती फिकट तुसांचं कडं दिसलं की तिथंच बसा. मुंग्या दाणे आत नेऊन सोलतात आणि तूस बाहेर आणून टाकतात. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा. झड सरून ऊन पडलं असेल तर मुळीच चुकवू नका, कारण भिजलेले दाणे मुंग्या तेव्हा वाळत घालतात. पुण्यात हेच पाहून ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये एका मुंगीचं वर्णन छापलं. आज ती फायडोले प्रोव्हिडन्स म्हणून ओळखली जाते. प्रोव्हिडन्स म्हणजे पुढची तजवीज करणारी.

आता एक मुंगी मऊ ब्रशनं पांढऱ्या ताटलीत घ्या आणि दहापट भिंगाखाली धरा. आधी कंबर बघा. एकच गाठ असेल तर मुंगळ्याच्या किंवा दुसऱ्या गोतातली, सोडून द्या. दोन गाठी असतील तर बहुधा मिर्मिसिनी उपकुळ, आणि आपल्याला हव्या त्या सगळ्या यातच येतात.

मग मिशांची पेरं मोजा, उसाची मोजतो तशी. डोक्याला चिकटलेलं लांब पेर धरूनच मोजायचं. मी ते सोडत होतो आणि माझ्या सुरुवातीच्या सगळ्या नोंदी चुकल्या. नऊ पेरं, दाट केस, अंग तांबूस आणि पोट काळं असेल तर मेरानोप्लस बायकलर. दहा पेरं, त्यातली टोकाची दोन जाड, ही सोलेनोप्सिस. हीसुद्धा दाणे नेते, पण कडकडून डसते, हात जपा. पेरं बारा भरली तर पुन्हा रांगेकडे वळा. बारीक मुंग्यांत मधूनच भल्यामोठ्या डोक्याच्या दिसतात आणि मधला आकार नाहीच, तर फायडोले. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे आकार असतील आणि डोकं खरखरीत असेल, तर ट्रायकोमिर्मेक्स स्केब्रिसेप्स. २०१५ पर्यंत ही मोनोमोरियम या गटात गणली जायची, त्यामुळे जुन्या याद्यांत त्या नावाखाली शोधा.

इंटरनेटवर दाणेवाली मुंगी शोधली की पोगोनोमिर्मेक्सचे फोटो आधी येतात. ती अमेरिका खंडांतली, आपल्या वहीत तिला जागा नाही. मेसॉर ही दुसरी दाणेवाली मुंगी भूमध्य सागराभोवती, आफ्रिकेत आणि आशियाच्या कोरड्या भागांत पसरलेली आहे. भारतात मुख्यतः उत्तरेकडे.

प्रसार कळायला मात्र एक वारूळ पाहून भागत नाही. महाबळेश्वरचा पाऊस आणि माणचा दुष्काळी पट्टा एकाच साताऱ्यात आहेत, हे केवढं भाग्य! सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड या रस्त्यावर ठरावीक अंतरानं थांबा. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास शोधा. गाव, तारीख, वेळ, माती काळी की मुरमाड, तुसात कुसळी गवत आहे की बाजरी, हे लिहा आणि मुंगीचा वरून, बाजूनं व तोंडासमोरून फोटो घ्या. वारूळ खणू नका, पावडर टाकू नका. काहीच सापडलं नाही तर तीही नोंद तारखेसकट करा. पट्टा कुठं संपतो ते त्याच कोऱ्या जागांवरून कळतं.