पायथनचं सी मॉड्यूल दुसऱ्या प्रोसेसरसाठी कसं कंपाइल करावं?

समजा, हिंजवडीत इंटेलच्या लॅपटॉपवर तुम्ही पायथनसाठी सी भाषेत एक्स्टेन्शन मॉड्यूल (पायथनमध्ये इम्पोर्ट करता येणारा सी कोड) लिहिलंय आणि ते चालवायचंय भोसरीच्या वर्कशॉपमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसतं 'पाय'). कंपाइल होऊन तयार झालेली एसओ फाइल पेनड्राइव्हवर टाकून नेली तर ती तिथे लोड होणार नाही. सी कोड एकदा कंपाइल झाला की तो एकाच जातीच्या प्रोसेसरचा होतो, आणि पायचा प्रोसेसर इंटेलचा नाही, आर्म जातीचा.

सुरुवात पायपासून करा. बरेच जण टर्मिनलवर 'युनेम -एम' चालवतात, उत्तर 'एआर्च६४' (म्हणजे ६४ बिटचं आर्म) आलं की ६४ बिटचं मॉड्यूल बनवून मोकळे होतात. पण पाय ४ वर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ६४ बिटचा आणि बाकी सिस्टीम ३२ बिटची असू शकते. मग इम्पोर्ट करताना 'राँग ईएलएफ क्लास' अशी एरर येते. त्यापेक्षा पायथनलाच विचारा: 'स्ट्रक्ट' मॉड्यूलच्या 'कॅल्कसाइझ'ला कॅपिटल 'पी' द्या. ८ आलं तर ६४ बिट, ४ आलं तर ३२. पायथनची आवृत्तीही टिपून ठेवा; ३.११ साठी बनवलेलं मॉड्यूल एरवी ३.१२ वर चालत नाही.

पाय एकच आणि कोड छोटा असेल तर फार डोकं लावू नका. जीसीसी हा कंपायलर आणि पायथनच्या हेडर फाइलींचं डेव्ह पॅकेज पायवरच टाका, सोर्स तिथे न्या आणि 'पिप व्हील' चालवा; त्यातून व्हील, म्हणजे पायथनचं इन्स्टॉल करायला तयार पॅकेज, मिळतं.

पाय बरेच असतील तर लॅपटॉपवर डॉकर, क्यूईएमयू आणि सीआयबिल्डव्हील ही तिकडी वापरा. डॉकर प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या बंदिस्त सिस्टीममध्ये चालवतो, क्यूईएमयू आर्म प्रोसेसरची नक्कल करतो, त्यामुळे आर्मचा कंटेनर इंटेलवर चालतो; त्यात व्हील बनवण्याचं काम सीआयबिल्डव्हील करतं. सीआयबिल्डव्हीलला प्लॅटफॉर्म लिनक्स, आर्किटेक्चर एआर्च६४ (३२ बिटला आर्मव्ही७एल) आणि पायथनची आवृत्ती सांगा. काम संथ चालतं, चहा होईल तेवढा वेळ धरा. क्रॉस-कंपायलर (इंटेलवरच थेट आर्मचा कोड बनवणारा) वेगवान खरा, पण पायवरच्या हेडर आणि लायब्ररी जुळवत बसावं लागतं. गरज नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

व्हील तयार झालं की नावाचा शेवट पाहा, तिथे आर्किटेक्चर लिहिलेलं असतं. खात्रीसाठी ते उघडून आतल्या एसओवर 'फाइल' ही कमांड चालवा.

कंपायलरच्या फ्लॅगमध्ये 'मार्च=नेटिव्ह' राहिला असेल तर काढून टाका. ज्या मशीनवर बिल्ड झालं त्याच्याच खास सूचना तो वापरतो, मग जुन्या प्रोसेसरवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत प्रोग्रॅम बंद पडतो.

याहून छुपी भानगड सीमधल्या 'चार' या एका बाइटच्या डेटा टाइपची. इंटेलवर साधा 'चार' ऋण संख्या धरतो, आर्मच्या लिनक्सवर धरत नाही. सेन्सर बंद असल्याची खूण म्हणून 'चार'मध्ये -१ ठेवलं तर पायवर ते २५५ होतं आणि 'शून्यापेक्षा कमी' ही अट कधीच खरी ठरत नाही. एररही येत नाही. असल्या जागी 'साइन्ड चार' किंवा 'इंट८_टी' लिहा. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर 'चार' इंटेलसारखाच वागतो, त्यामुळे तिथे टेस्ट पास झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. सीआयबिल्डव्हीलच्या टेस्ट कमांडमध्ये ऋण आकड्यांची एक टेस्ट घाला, ती आर्मच्या कंटेनरमध्येच चालते.