इंग्रजीतल्या चुकांचे मूळ मराठीत शोधावे

खानदेशातल्या अनेक मुलांच्या वाट्याला घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि तिसरी म्हणून इंग्रजी येते. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जात असली, तरी वाक्य मनात जुळते ते आपल्याच भाषेत, आणि बऱ्याचशा चुका तिथूनच येतात. म्हणून चूक सापडली की व्याकरणाचे पुस्तक उघडण्याआधी आपण मनात कोणते मराठी वाक्य म्हटले होते, ते वहीत उतरवावे.

सर्वांत चिवट चूक ‘होतो’ची आहे. ‘मी काल भुसावळला गेलो होतो’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्याचेच शब्दशः ‘आय हॅड गॉन टू भुसावळ यस्टरडे’ होते. इंग्रजीत मात्र काल, परवा, गेल्या वर्षी असा ठरावीक काळ सांगितला की साधा भूतकाळ पुरतो: ‘आय वेंट टू भुसावळ यस्टरडे’. क्रियापदाआधी ‘हॅड’ लागतो तो मुख्यतः भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवण्यासाठी. आपण फलाटावर पोहोचलो तोवर गाडी सुटली होती, तर सुटणे आधीचे आणि पोहोचणे नंतरचे, म्हणून ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट’. असा ‘हॅड’ लिहिला गेला की दुसरी घटना कुठे आहे ते पाहावे, आणि ती सापडली नाही तर तो खोडून साधा भूतकाळ लिहावा.

‘पासून’ हा शब्दही असाच फसवतो, कारण मराठीत ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०२० पासून’ दोन्ही चालते. इंग्रजीत कालावधी मोजायचा तर ‘फॉर’ आणि सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’. त्यामुळे ‘आय ॲम लिव्हिंग इन धुळे सिन्स फाइव्ह इयर्स’ याऐवजी ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन धुळे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणावे.

आदरार्थी बहुवचनाची गोष्ट जरा गमतीची आहे. ‘वडील आले आहेत’ म्हणायची सवय असल्याने ‘माय फादर हॅव कम’ असे तोंडून निघते. इंग्रजीत क्रियापदातून मान देण्याची सोय नाही. तिथे ‘हॅज’ म्हटल्याने वडिलांचा मान कमी होत नाही, हे पटायला मात्र वेळ लागतो.

‘धुळ्याला पोहोचलो’ यातला ‘ला’ पाहून ‘रीच्ड टू धुळे’ म्हणू नये, ‘रीच्ड धुळे’ पुरते. ‘डिस्कस’नंतर ‘अबाऊट’ नको. ‘डिड’ आला की भूतकाळ त्यातच आला, म्हणून ‘डिड यू वेंट’ नव्हे, ‘डिड यू गो’.

उच्चारात एकाच गोष्टीवर मेहनत घ्यावी. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवावेत. ‘वेल’ म्हणताना दात कुठेही न टेकवता, बशीतल्या गरम चहावर फुंकर घालताना करतो तसा ओठांचा चंबू करावा. आरशासमोर हा फरक लगेच दिसतो.

रोज रात्री दिवसभरातली पाच वाक्ये लिहावीत, डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर इंग्रजी. रविवारी डावीकडच्या ‘होतो’, ‘पासून’ आणि ‘ला’ यांच्याखाली लाल रेघ ओढून तेवढ्यांचेच समोरचे इंग्रजी तपासावे.