शेतवस्तीसाठी बंदूक आणि धनुष्य कसे निवडावे

शेतावरच्या घरात शस्त्र घेण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे, हे निश्चित करावे. कोंबड्यांवर टपणारा लहान श्वापद, पिकात घुसणारे रानडुक्कर आणि कायद्याने परवानगी असलेली शिकार ही तीन निरनिराळी कामे आहेत. त्यांतील कोणती कामे आपल्या भागात कायदेशीर आहेत आणि परवाना कशासाठी लागतो, याची चौकशी खरेदीच्या आधी करावी. भक्कम कुंपणाने भागत असेल, तर बंदुकीचा विचारही करू नये.

एकच बंदूक घ्यायची असेल, तर माझ्या मते ती छऱ्याची असावी. बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; त्याचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर, तर वीस बोअरचा सुमारे 15.6 मिलिमीटर असतो. बारा बोअरची काडतुसे सहज मिळतात, परंतु तिचा धक्का जोरदार असल्यामुळे घरातील सडपातळ माणसालाही ती चालवावी लागणार असेल, तर वीस बोअर अधिक सोयीची ठरते. छरे साधारण 35 मीटरपलीकडे विखुरतात आणि त्यांचा जोरही ओसरतो. दुनळी उघडताच ती भरलेली आहे की रिकामी, हे डोळ्यांना दिसते, आणि नवशिक्याच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे.

लहान प्राण्यांसाठी पॉइंट टू-टू (सुमारे 0.22 इंच व्यासाच्या गोळीची) रायफल स्वस्त, हलकी आणि जवळजवळ बिनधक्क्याची असते. तिच्या या सौम्यपणाला मात्र भुलू नये, कारण तिची गोळी दीड किलोमीटरपेक्षाही दूर जाऊ शकते आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून भलत्याच दिशेला वळते. त्यामुळे लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध नसेल, तर चाप ओढू नये. पिस्तुलाचा शेतावर फारसा उपयोग नाही. आखूड नळीने नेम साधणे बरेच कठीण असते.

कोणतीही बंदूक घेताना दस्त्याची लांबी जुळते का, हे पाहावे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूस टेकवल्यावर बोट चापापर्यंत सहज पोहोचले, तर माप साधारण योग्य आहे असे समजावे. कानांचे संरक्षण पॉइंट टू-टूलाही हवे. तिचा आवाज 140 डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो.

धनुष्य आवाज करत नाही, पण सराव मागते. ज्याला आठवड्यातून काही वेळ देता येणार नाही, त्याने ते घेऊच नये. रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यावर छापलेले वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, बहुधा 28 इंच खेचीसाठीचे, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावरचे असते, आणि खेच एक इंचाने वाढली की वजन अंदाजे दोन ते अडीच पौंडांनी वाढते. प्रौढ नवशिक्याला 25 ते 30 पौंड पुरेसे आहेत. जास्त वजनाचे धनुष्य हौसेने घेतल्यास खांदा दुखावतो आणि नेम बिघडतो. कंपाउंड धनुष्यात चाकांमुळे पूर्ण खेचीला भार बराच हलका होतो, म्हणून नेम धरून थांबणे सोपे जाते. परंतु त्याची दोरी बदलण्यास विशेष साधन लागते, आणि दुरुस्ती करणारा जवळपास नसेल, तर साधे रिकर्व्हच बरे. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या वजनाला जुळता हवा. बाणाविना दोरी कधीही सोडू नये, त्या झटक्याने धनुष्य तडकू शकते.

खरेदीच्या हिशेबात कुलूपबंद पोलादी कपाटाची किंमत धरावी, आणि काडतुसांसाठी वेगळी कुलूपबंद जागा ठेवावी. बाणांची धारदार पातीही मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी झाकून ठेवावीत.